अकोल्याची आजी

अकोल्यात डाबकी रोडच्या त्या भागात कुणाकडे गृहप्रवेश असो की नामकरण, जेवणात लांब रोटी ठरली की मायाबाई तायडेंना निरोप जायचा. लांब रोटीची कणीक पातळ भिजवावी लागते. ती परातीत आपटून आपटून तिला तार सुटेपर्यंत मळायची, गोळा तळहातावर घ्यायचा, या हातावरून त्या हातावर झुलवत कोपरापर्यंत लांबवायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्याच्या पोटावर टाकायचा. मायाबाईंची रोटी ओढणीसारखी पडे. रोटी करताना बाया गोळा होतात हे त्यांना माहीत होतं, म्हणून पहिला गोळा हातात घेऊन त्या थोडं थांबत. चार जणी जमल्या की मग हात चाले.

हे त्या आईकडून शिकल्या होत्या, माहेरच्या गावी, भातकुलीला. मडकंही आईनंच दिलेलं. पुढे अंगणवाडीत सेविका म्हणून नोकरी झाली, एसटीच्या डेपोत असलेल्या मोतीरामांशी लग्न होऊन संसार झाला, मुलगा सुगत शिकला, नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात लागला आणि अमरावतीकर झाला. मायाबाई निवृत्त झाल्या तरी रोटीचे निरोप येत राहिले. बाई कामाची, जीभ तिखट, आणि एक खोड होती. दुसऱ्या बाईच्या भाजीला कुणी चांगलं म्हटलं की त्या मिठाचा विषय काढायच्या. जावेच्या पुरणाला, शेजारणीच्या लोणच्याला, कुणाच्याही. मोतीराम म्हणत, "हिले सोताच्या सयपाकाची भूक नाई, दुसरीच्या सयपाकाची भूक हाय." मायाबाई ते कानामागे टाकत, कारण त्यांच्या रोटीची बरोबरी करणारं त्या भागात कुणी नव्हतंच.

ती बरोबरी आली ती घरातूनच, आणि भलत्याच वाटेनं.

सुगतची मुलगी आम्रपाली, म्हणजे आमू, चार वर्षांची होईतो अंग धरत नव्हती. पोट तेवढं पुढे, हातपाय काड्या, अधूनमधून जुलाब. मायाबाई अमरावतीला गेल्या की दुधात पोळी कुस्करून तिला भरवत आणि सुनेला, पौर्णिमेला, ऐकू जाईल अशा बेतानं म्हणत की पोरीला पोटभर देतं कोण. शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, हिला गहूच चालत नाही. कणीक, रवा, मैदा, शेवया, सगळं जन्मभर बंद. गव्हात चिकटपणा आणणारं जे असतं, ग्लूटेन, ते हिच्या आतड्याला सोसत नाही. चिमूटभर गेलं तरी त्रास.

मायाबाईंनी ते ऐकलं तेव्हा त्यांना आधी डॉक्टरचा राग आला. कणकेला तार आणतं तेच पोरीला विष, असं तो म्हणत होता. म्हणजे ज्याच्यावर त्यांचं सगळं नाव उभं होतं तेच.

पौर्णिमेची आई साधनाताई अमरावतीतच राहायच्या, लेकीच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या, नवरा वारलेला, हाताला काम हवं होतं. त्या मोबाईलवर बघत बघत बिनगव्हाचं भाजायला शिकल्या. ओव्हन घेतला आणि तो लेकीच्या ओट्यावरच ठेवला. ज्वारीची बिस्किटं केली, ती पहिल्यांदा हातात धरताच चुरा झाली. मग भगरीचं पीठ मिसळलं, साबुदाण्याचं मिसळलं, केळं घातलं. वर्षभरात त्यांचा पाव फुगायला लागला. आमू डब्यात बिस्किटं नेऊ लागली, अंगानं भरली, गाल आले.

आणि तिनं दोन आज्यांना दोन नावं ठेवली. साधनाताई केकवाली आजी. मायाबाई अकोल्याची आजी.

लेकरानं सोयीनं ठेवलेली नावं ती. पण मायाबाईंना ते नाव आतून लागलं. एकीला तिच्या हातचं नाव, आणि आपल्याला एसटीच्या पाटीवरचं. फोनवर आमू सांगायची की केकवाली आजीनं आज पिझ्झा केला, केकवाली आजीनं आज गोल पाव केला, आणि मायाबाई विचारायच्या, "करपला तं नाई?" नाही म्हटल्यावर म्हणायच्या, "पोट गच्च झालं असंन." तेही नाही म्हटल्यावर फोन मोतीरामांकडे द्यायच्या.

त्या अमरावतीला गेल्या की ते घर त्यांना आपलं वाटेनासं झालं. ओट्यावर मध्यभागी विहीणबाईंचा ओव्हन. बिनगव्हाच्या पिठांचे डबे वरच्या फळीवर, त्यांना हात लावण्याआधी हात धुवायचे असा पौर्णिमेचा नियम. तो नियम सगळ्यांनाच होता, पण पौर्णिमा तो सांगताना आपल्याकडेच बघते असं मायाबाईंना वाटे. त्यांनी आणलेली गव्हाच्या कुरडयांची पिशवी न फोडता सुगतबरोबर कारखान्यात मित्रांना वाटायला गेली. साधनाताई मात्र ओटा स्वतःचाच असल्यासारख्या वावरत, आणि वर आदरानं विचारत, "विहीणबाई, चव घेऊन सांगा ना, साखर बरोबर आहे का?" मायाबाई तुकडा तोंडात टाकत. चांगला लागे. म्हणून आणखीच राग येई.

"बरा हाय," त्या म्हणत. "मीठ जरासं उठून राह्यलं."

अशाच एका दिवाळीत फळीवर काही शोधताना त्यांना ईसबगोलाचा डबा दिसला. तोच डबा अकोल्यात मोतीरामांच्या उशाशी असतो. त्यांना आधी हसूच आलं, की विहीणबाईंचं पोट साफ होत नाही वाटतं. पण तो पिठांच्या रांगेत होता. त्यांनी काही न विचारता साधनाताईंचे हात पाहत बसून घेतलं. पाण्यात भिजवलेला ईसबगोल फुगून लिबलिबीत झाला, तो ज्वारीच्या पिठात गेला, आणि पीठ, जे कधी एकमेकांना धरत नाही, ते धरू लागलं. साधनाताईंनी गोळा उचलला तेव्हा तो लोंबला.

मायाबाई पुढे सरकल्या. ज्वारी लोंबते तर ज्वारी लांबवता येईल. साधनाताईंना ते सुचलं नव्हतं, कारण त्यांनी जन्मात लांब रोटी केली नव्हती.

त्या अकोल्याला परतल्या आणि कुणाला न सांगता लागल्या. मोतीरामांना मात्र सांगावं लागलं, कारण त्यांचा डबा रिकामा होऊ लागला.

"माहा ईसबगोल कुठी चालला?" त्यांनी विचारलं.

"रोटीत."

"अन् मी काय घेऊ?"

"तुमी रोटी खा. त्यातच हाय."

हिवाळाभर मोतीरामांनी फसलेल्या रोट्या खाल्ल्या. काही तुटल्या, काही चामड्यासारख्या झाल्या, एक तर हातालाच चिकटून राहिली. पाणी उकळतं हवं की कोमट, ईसबगोल आधी भिजवायचा की कोरा, गोळा किती वेळ झाकायचा, हे सगळं मायाबाईंनी एकटीनं शोधलं. उन्हाळा लागता लागता एक रोटी हातावर उतरली. कोपरापर्यंत नाही, पण मनगटाच्या पुढे चांगली वीतभर. मडक्यावर पडली, फुगली, आणि अखंड सुटली. मायाबाई ती हातात धरून अंगणात उभ्या राहिल्या. बघायला कुणी नव्हतं.

आमूचा नववा वाढदिवस मे महिन्यात होता. मायाबाईंनी फोन करून सांगितलं की केक ज्यांना करायचा त्यांनी करावा, जेवण मी करीन, आंब्याचा रस आणि आमूला चालेल अशी ज्वारीची लांब रोटी, सगळ्यांनाच. पौर्णिमा घाबरत म्हणाली, "आई, पण पीठ..." मायाबाईंनी पिठाचं सगळं ऐकवलं. ज्वारी घरी निवडलेली. चक्कीवर त्या सकाळीच जाऊन बसल्या होत्या, आधी कुणाची तरी ज्वारी दळली गेल्यावरच स्वतःची टाकायला लावली, ज्वारीवर ज्वारी, आणि तरीही सुरुवातीचं पीठ शेजारच्या गाईला दिलं. परात नवी. फडकी नवी. डबा नवा. पौर्णिमा म्हणाली की एवढं तर मीसुद्धा करत नाही. मायाबाईंनी ते वाक्य मोतीरामांना दोनदा सांगितलं.

मडकं गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन त्या एसटीनं अमरावतीला आल्या. कंडक्टर म्हणाला, "आजी, लेकराचं अर्धं तिकीट काढू का?" त्या म्हणाल्या, "हे तुह्यापेक्षा वयानं मोठं हाय, पूर्ण काढ."

गच्चीवर विटांची चूल मांडली. ऊन उतरल्यावर आमूच्या मैत्रिणी, शेजारच्या बाया, सुगतचे मित्र, सगळे वर आले. साधनाताईंचा केक टेबलावर होता, वर चॉकलेटचे तुकडे, सुरेख. पण लोक चुलीभोवती जमले. मायाबाईंनी गोळा घेतला, थांबल्या, सगळे आले असं बघितलं, आणि हात चालवला. ज्वारीची रोटी हवेत लांबली. एका बाईनं तोंडाला पदर लावला. साधनाताई पुढे येऊन बघत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांत मायाबाईंना जे हवं होतं ते दिसलं.

"हे कसं केलं विहीणबाई?" त्यांनी विचारलं. "मला कधी जमलं नाही बाई असं."

"सरावानं होते," मायाबाई म्हणाल्या. ईसबगोलाचं नाव काढलं नाही.

आमूनं रसात बुडवून दोन रोट्या खाल्ल्या आणि तिसरी हातात घेऊन मैत्रिणींना दाखवत फिरली. जन्मात पहिल्यांदा ती सगळ्यांसारखं जेवत होती. "ही माझी रोटीवाली आजी," ती म्हणाली. "हिनं माझ्यासाठी शोधली."

मायाबाईंनी ते ऐकलं आणि पुढची रोटी इतकी पातळ टाकली की ती फाटली. चालायचंच.

सकाळी आमू पोट धरून बसली. मग उलट्या सुरू झाल्या. दुपारपर्यंत ती गादीवर पांढरी पडून होती, पाणी पोटात ठरत नव्हतं. डॉक्टरांनी फोनवर औषध सांगितलं आणि विचारलं, गहू गेलाय का कुठून? आठवून बघा, नवीन काय खाल्लं?

कूलरसमोर सगळे बसले आणि आठवू लागले. रोटीचा विषय पौर्णिमेनंच बाजूला ठेवला. आईंनी चक्कीपासून सगळी काळजी घेतली होती, ती पुन्हा पुन्हा सांगत होती. साधनाताईंचा चेहरा उतरत गेला. केकवरचे चॉकलेटचे तुकडे नव्या दुकानातले होते. पुडक्यावरचं बारीक अक्षर वाचलं होतं, पण चष्मा शिवणाच्या मशीनवर राहिला होता, अंदाजानं वाचलं होतं. पुडकं कचऱ्यात गेलं होतं आणि कचरा गाडीत.

"माझ्याच हातून झालं," त्या म्हणाल्या.

कुणी नाही म्हटलं नाही. मायाबाईंच्या छातीत गार वाटलं, माठातलं पाणी प्यायल्यावर वाटतं तसं. पाच वर्षं त्या या वाक्याची वाट बघत होत्या, आणि ते विहीणबाईंनी स्वतःच्या तोंडानं म्हटलं होतं. त्या उठून आमूजवळ जाऊन बसल्या, तिच्या कपाळावर ओला रुमाल ठेवला आणि बाहेरचं ऐकत राहिल्या.

साधनाताई म्हणत होत्या की आता माझा मला भरवसा नाही. ओव्हन मी घरी नेते. बाहेरून सीलबंद आणा, महाग असेल पण खात्रीचं असेल. पौर्णिमा रडत होती आणि म्हणत होती, मम्मी, तू नको असं करू, पण ओव्हन ठेव असंही म्हणत नव्हती. सुगतनं वायर काढली. ओट्यावर मध्यभागी चौकोनी कोरी जागा दिसू लागली.

आमूनं डोळे उघडून विचारलं, "मग माझा डबा?"

"मी हावो ना," मायाबाई म्हणाल्या.

संध्याकाळच्या गाडीनं परतायचं होतं. आमूला जरा डोळा लागल्यावर मायाबाई गच्चीवर मडकं आणायला गेल्या. राख सारली, मडकं उचललं आणि कोरड्या फडक्यानं पुसलं, आईनं शिकवलं होतं तसं. मडकं धुवायचं नसतं. धुतलं की रोटी चिकटते. पुसायचं, तापवायचं, मिठाच्या पाण्याचा हात फिरवायचा. भातकुलीत कुणी धुवत नसे, अकोल्यात त्यांनी कधी धुतलं नव्हतं.

फडकं मडक्याच्या पोटावरून फिरवताना अंगठ्याखाली काही सुटलं. पापुद्रा. रोट्यांच्या कडा जिथे जिथे जळून बसतात तिथे वर्षानुवर्षांचं एक तपकिरी कडं बसलेलं होतं, आणि कालच्या मोठ्या जाळानं ते फुटलं होतं. मायाबाईंनी नखानं तुकडा काढला. वरचा थर पांढुरका, कालचा. त्याखाली दुसरा, लालसर. त्यांनी तो जिभेवर ठेवला. जळलेला गहू गोड लागतो. ज्वारी लागत नाही.

त्यांनी परात नवी घेतली होती. डबा, फडकी, सगळं नवं. मडकं त्यांनी हिशेबात धरलंच नव्हतं. मडकं म्हणजे भांडं, असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

त्या तिथेच, तापलेल्या गच्चीवर, मडकं मांडीवर घेऊन बसल्या. खाली गेटशी साधनाताई रिक्षा थांबवत होत्या, सुगतच्या हातात ओव्हन होता. दोन मिनिटं गप्प बसलं की रिक्षा जाणार होती. चॉकलेटचं पुडकं कुणी परत आणणार नव्हतं. रोटीवाली आजी हे नाव राहणार होतं, आणि त्या ओट्यावर आता एकच आजी. ते सगळं मायाबाईंना नीट दिसलं. आणि हेही दिसलं की पुढच्या वेळी पोरगी म्हणेल, आजी, रोटी कर. तेव्हा मडकं कुठलं काढायचं? नवं काढलं तर जुन्याला काय झालं, हे पौर्णिमा विचारणार.

त्यांनी कठड्यावरून वाकून हाक मारली. "सुगत, तो ओव्हन रिक्षात नको ठिवू. वर आण. अन् विहीणबाईलेही आण."

सगळे वर आले. मायाबाई उठल्या नाहीत. मडकं फिरवून त्यांनी पापुद्र्याची बाजू पुढे केली.

"केकानं नाई झालं," त्या म्हणाल्या. "ह्याच्यानं झालं. ह्यावर जनमभराचा गहू हाय. काल सुटला."

पौर्णिमेनं वाकून पापुद्रा बघितला. सुगत म्हणाला, "आई, धुतलं नव्हतं तू?"

"मडकं धुत नाईत."

"आमूसाठी तरी?"

साधनाताई खाली बसल्या, मडक्यावर बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा सुटकेचा भाव त्यांना लपवता आला नाही, आणि मायाबाईंनी तो पाहिला. मग साधनाताई म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं."

"मले म्हाईत हाय."

"मी पण नसतं धरलं मडकं. मी पण चक्कीचंच बघितलं असतं."

त्यांनी हे समजूत घालायलाच म्हटलं होतं. पण मायाबाईंना समजूत नको होती, विहीणबाईंची तर नकोच. ओव्हन परत ओट्यावर गेला. सुगतनं वायर जोडली तेव्हा लाल दिवा लागला, आणि मायाबाईंना तो दिवा स्वतःच्या डोळ्यात खुपल्यासारखा वाटला.

आमूला त्यांनी स्वतःच सांगितलं. आमू दोन घास भात खाऊन उशीला टेकली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे रोटी चांगली होती, मडकं खराब होतं?"

"मडकं खराब नाई. तुह्यासाठी खराब."

"मग नवीन आण." एवढं बोलून ती झोपली.

जुनं मडकं अकोल्याला परत गेलं. तिथे गव्हाच्या रोट्यांचे निरोप येतच होते. पुढच्या महिन्यात मायाबाईंनी कुंभाराकडे जाऊन नवं घेतलं, त्याच्या पोटावर खडूनं आमूचं नाव घातलं आणि ते अमरावतीला नेऊन ठेवलं. ते ओट्यावर मावत नव्हतं. पौर्णिमेनं ओव्हन जरा सरकवला.

नवं मडकं तापवताना साधनाताई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मला शिकवा ना. तुम्ही अकोल्यात असता तेव्हा पोरगी मागते." मायाबाईंनी आधी जाळ सारखा केला. मग ईसबगोल किती, पाणी किती गरम, हे सगळं सांगितलं. गोळा किती वेळ झाकायचा ते सांगायचं राहिलं, की ठेवलं, ते त्यांनाच ठाऊक.

साधनाताईंचा पहिला गोळा हातातच तुटला. दुसरा मनगटावरून खाली पडला. मायाबाई गालात हसल्या आणि म्हणाल्या, "सोडा विहीणबाई, हे हातात असा लागते." पण साधनाताई जन्मभर शिवण शिकवत आलेल्या. कापड कुठे ताणतं आणि कुठे ताणत नाही ते त्यांच्या बोटांना माहीत होतं. त्यांनी गोळा थोडा वेळ झाकून ठेवला, आपणहून. तिसरी रोटी हातावर उतरली, वीतभर, वर आणखी दोन बोटं, आणि मडक्यावर सरळ पडली.

आमूनं ती गरम गरम उचलली, फुंकर घातली, आणि अर्धी एका घासात खाल्ली.

"कशी झाली?" साधनाताईंनी विचारलं. पण त्या आमूकडे बघत नव्हत्या, मायाबाईंकडे बघत होत्या.

मायाबाईंनी उरलेल्या अर्ध्या रोटीचा तुकडा तोडला, उजेडात धरला, चावला. चांगली झाली होती.

"जाड झाली," त्या म्हणाल्या. "अन् मीठ जरासं उठून राह्यलं."

मग बाही वर सारून त्यांनी परात स्वतःकडे ओढली.